सुदामदादाची साफ प्लेट

सुदाम रोकडे काही थोर माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे माणूस गेला की त्याला थोर करायची लोकांना फार घाई. तो अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होता. पत्त्यांत रडीचा डाव खेळायचा. दुसऱ्याच्या लग्नात आपणच मुलीचा बाप असल्यासारखा वाढप्यांवर ओरडायचा. रखमावहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा चारचौघांत त्याला 'फुकटचा मुकादम' म्हटलं, ते नाव पुढे वर्षभर चाललं.

पण त्रिशरण-पंचशील द्यावं तर सुदामदादानेच.

उल्हासनगरचा कॅम्प पाच संपला की अंबरनाथच्या बाजूला आमची वस्ती लागते. छप्पन्न साली आमच्या वाडवडिलांनी धम्म घेतला आणि पाच-सात वर्षांत, पत्र्याचं का होईना, विहार उभं केलं. लग्न असो, घरभरणी असो की मयत, सुरुवात एकच. बुद्ध, धम्म, संघाला शरण जायचं आणि मग पाच शीलं घ्यायची. शेवटचं शील दारूपासून लांब राहण्याचं. पुढे उभ्या असलेल्याने एक ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती तशीच मागून म्हणायची. पाठ सगळ्यांनाच असतं, पण देणाऱ्याच्या आधी कुणी तोंड उघडत नाही. ती रीत आहे, आणि आमच्याकडे रीत म्हणजे रीत.

दादाचा आवाज गोड नव्हता. पण शब्द असे सुटे आणि स्वच्छ यायचे की शेवटच्या रांगेत बसणारी बनूबाई, जिला एका कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं, तीही ओळ चुकत नसे. एकोणसत्तर सालापासून एकाही जयंतीला दुसऱ्या कुणी पंचशील दिलं नव्हतं. कुणी 'बौद्धाचार्य' म्हटलं की दादा वरवर 'छे, छे' करायचा आणि आतून फुगायचा. वस्तीतली त्याची सगळी पत या एका गोष्टीवर उभी होती, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

मी जयदेव. विहाराच्या कमिटीचा चिटणीस, पोटापाण्याला एका शाळेत कारकून. दादापेक्षा दहा वर्षांनी लहान. पुढे जे झालं त्यात माझा हात आहे, म्हणून लिहायलाही मीच बसलोय.

अठ्ठ्याऐंशी साली जयंतीच्या झेंड्यांसाठी निळं कापड आणायला आम्ही दोघं कॅम्प पाचमधल्या एका सिंधी शेटकडे गेलो. सिंध्यांच्या दुकानात माणूस नीट टेकायच्या आत पापड आणि पाणी पुढे येतं. दादाला तो पापड फार आवडायचा. भाव करायला मला पुढे करायचा आणि आपण पापड खात बसायचा. त्या दिवशी त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि नुसताच बसून राहिला. चावत होता, पण गिळेना. पाण्याचा ग्लास संपवला, दुसरा मागितला.

"क्या दादा, पापड तीखा लगा क्या?" शेट हसून म्हणाला.

"नहीं सेठ, अटक गया गले में."

फुकटचं खाल्लं की असंच अडकतं, अशी मी थट्टा केली. दादाही हसला. पण बाहेर आल्यावर त्याने गटारावर वाकून उरलेला पापड थुंकला. दोन ग्लास पाणी पिऊनही तो गालात कोरडा राहिला होता, नुसता भुगा. मी ते पाहिलं आणि विसरून गेलो.

दुसऱ्या वर्षी त्याचे डोळे लाल राहायला लागले. वाळू गेल्यासारखं खुपतंय म्हणायचा आणि सारखा चोळायचा. दातांना एकामागून एक कीड लागली, वर्षभरात पाच दात गेले. बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची आणि सुटताना टक् असा आवाज व्हायचा. शब्द जड यायला लागले, ओढत आणल्यासारखे. कुणीतरी त्याला सांगितलं, वेलची चघळ, तोंडाला पाणी सुटेल. तेव्हापासून त्याच्या शर्टाच्या खिशात वेलचीची पुडी असायची.

लाल डोळे, जड जीभ आणि तोंडाला वेलचीचा वास. आमच्या वस्तीत याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल.

माझा बाप पिणारा होता. घरी यायच्या आधी नाक्यावरच्या टपरीवर दोन वेलच्या तोंडात टाकायचा. त्याला वाटायचं, आईला कळत नाही. आईला आणि आम्हा चौघा भावंडांना दारूच्या आधी ती वेलची कळायची, आणि कळली की आम्ही घरातली भांडी उचलून फळीवर ठेवायचो. आजही खिरीत वेलची असली तर मी वाटी सरकवतो. एक दिवस दादा माझ्या कानाशी काही सांगायला वाकला आणि तो वास आला. पुढे मी विचारच केला नाही. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तशातली गत. मी उठलो आणि बापूंना जाऊन सांगितलं.

बापू म्हणजे धर्मराज तांबे, कमिटीचे अध्यक्ष. अतिशय सरळ माणूस, आणि सरळ माणसं असतात तसे थोडे कडक. तरुणपणी त्यांना क्षय झाला होता, दीड वर्ष औषधं खाऊन ते त्यातून उठले. तेव्हापासून वस्तीत कुणाच्याही छातीची एक्स-रे प्लेट आली की ती आधी बापूंकडे जायची. ट्यूबलाइटसमोर धरून, चष्मा कपाळावर सरकवून ते सांगायचे, 'इथे डाग आहे' किंवा 'प्लेट साफ आहे, पेढे वाटा.' आणि बहुतेक वेळा डॉक्टरही तेच सांगायचा.

बापू मला म्हणाले, "सुदाम तसा नाही. नीट बघू." महिनाभर त्यांनी काही केलं नाही. पण नव्वदच्या डिसेंबरात बदलापूरच्या पुढे सोनिवलीला आमच्यातलंच एक लग्न होतं. पंचशील द्यायला दादा उभा राहिला. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासूनच अडखळायला लागला आणि पाचव्या शीलाशी आला तेव्हा त्याची जीभ पुरती बोबडी वळली. नवऱ्या मुलाचा गावाकडचा मामा मोठ्याने म्हणाला, "यो त पिऊनशी आयलाय, आन आमाला सांगतं दारू पिऊ नका." अर्धा मांडव हसला. वऱ्हाडात आमच्या वस्तीची माणसं होती. त्यांनी माना खाली घातल्या.

कमिटीची मीटिंग झाली. दादा मध्ये उभा होता. म्हणाला, "मी थेंबाला शिवलो नाही. या, वास घ्या माझ्या तोंडाचा." बापू खरंच उठले, त्याच्याजवळ गेले, वास घेतला आणि जागेवर येऊन बसले. वेलचीचा वास तर दारापर्यंत येत होता.

ठराव मी लिहिला. माझं अक्षर चांगलं, म्हणून असली कामं माझ्याच गळ्यात पडतात. 'प्रकृतीच्या कारणास्तव श्री. सुदाम रोकडे यांना काही काळ विश्रांती देण्यात येत आहे.' वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळत होता. पुढच्या एप्रिलात शंभरावी जयंती होती. सगळ्या वस्त्यांची मिळून मोठी सभा आमच्या मैदानात व्हायची होती, आणि तिथे पंचशील दादा देणार नव्हता. दादाने ठराव वाचला, घडी घातली, खिशात वेलचीच्या पुडीबरोबर ठेवला आणि 'जयभीम' म्हणून निघून गेला.

चार दिवसांनी रखमावहिनी माझ्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"ते कागदाचं तुम्हीच लिहिलंत ना, भाऊजी? मग आता एक करा. बुधवारी यांच्यासंगं मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात चला. मी अडाणी, मला तिथलं काही कळायचं नाही."

"वहिनी, आधी त्याला सोडायला सांगा, मग..."

"काय सोडायला सांगू? जेवण सोडायला? भाकरी पाण्यात कालवून गिळतो माणूस. सकाळी उठला की ओठाला बोटानं पाणी लावावं लागतं, तेव्हा तोंड उघडतं. तुम्ही पिणाऱ्याच्या घरात वाढलात, कबूल. पण पिणारा कोण ते तुमच्या आईला विचारायचं होतं, तिला कळलं असतं."

मी गेलो. मदतीला गेलो असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी पाळत ठेवायला गेलो होतो.

मुंबईतल्या त्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर नीलिमा कर्णिक म्हणून एक बाई होत्या. बारीक अंगाच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी दादाच्या तोंडात टॉर्च मारला, दात पाहिले, आणि दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापणीत कागदाची एकेक पट्टी अडकवून घड्याळ लावलं. पाच मिनिटांनी पट्ट्या काढल्या. कागद जसा घातला तसा कोरडा होता.

"रडू येतं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"येतं की, बाई," दादा म्हणाला. "पाणी येत नाही."

मी खिडकीकडे बघायला लागलो. पाळत ठेवायचं माझं काम तिथेच संपलं.

बाईंनी समजावून सांगितलं. शरीराची राखण करणारे आपलेच शिपाई कधीकधी बिथरतात आणि घरातच लुटालूट करतात. डोळ्यांत पाणी आणि तोंडात लाळ बनवणाऱ्या ग्रंथी ते खाऊन टाकतात. बायकांना जास्त होतं हे, पुरुषांना क्वचित. यावर दादा जरा लाजला. "पण ग्रंथी किती उरल्यात ते बघायला हवं," बाई म्हणाल्या. "एक तपासणी करू. शिरेतून किंचित किरण सोडणारं औषध देतात. चांगली ग्रंथी ते रक्तातून ओढून घेते, आणि वरच्या कॅमेऱ्याला ती जागा उजळलेली दिसते. मग तोंडात लिंबू पिळायचं. लाळ सुटली की ते औषध लाळेबरोबर बाहेर पडतं आणि उजेड कमी होतो. त्यावरून कळतं."

चिठ्ठीवर 'न्यूक्लिअर' असा शब्द होता. तो वस्तीत कसा पोचला कोण जाणे. चहाच्या टपरीवर पोरं म्हणायला लागली की रोकडेला अणुबॉम्बचं इंजेक्शन आहे, दारू उतरवायला आता तेवढंच बाकी राहिलं होतं. दादाने ते ऐकलं. मला म्हणाला, "जयदेव, काहीतरी निघायला पाहिजे रे त्यात. काहीच नाही निघालं तर मी मेलो." स्वतःला रोग निघावा म्हणून आस लावून बसलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

फेब्रुवारीच्या शेवटी नंबर लागला. दादाच्या आधी एक म्हातारी बाई होती. तिला गळ्यावर सूज होती, एवढंच मला कळलं. दादा घाबरून सारखा दाराकडे मान वळवत होता, म्हणून तिथल्या टेक्निशियनने मला पडद्यापाशी उभं राहू दिलं. त्या बाईचं चाललं होतं तेव्हा काळ्या पडद्यावर हळूहळू चार ठिपके उजळले. दोन कानांखाली, दोन हनुवटीच्या आत. खाली गळ्यापाशी फुलपाखरासारखा आणखी एक डाग. "तो गळ्यातल्या ग्रंथीचा, तो सगळ्यांचाच येतो," टेक्निशियन म्हणाला. मग बाईच्या तोंडात लिंबू पिळलं आणि बघता बघता ते चार ठिपके फिके पडले.

मग दादा झोपला. वर तो भलामोठा गोल कॅमेरा. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधरा गेली. गळ्याचं फुलपाखरू तेवढं उजळलं. कानांखाली अंधार, हनुवटीत अंधार. टेक्निशियनने लिंबू कापलं. नुसतं बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी ते गिळलं आणि मला विलक्षण लाज वाटली. दादाच्या जिभेवर अख्खी फोड पिळली. त्याने तोंड जरासं वाकडं केलं, बस. पडद्यावर काही हललं नाही.

नीलिमाबाईंनी फिल्म पाहून सांगितलं, "ग्रंथींनी औषध घेतलेलंच नाही. काम जवळजवळ बंद पडलंय. हे परत सुरू होत नाही, सुदामराव. पाणी जवळ ठेवायचं, घोटघोट प्यायचं, दातांना जपायचं, दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं."

"म्हणजे मी पीत नव्हतो," दादा म्हणाला.

"कोण म्हणतं तुम्ही पिता?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, त्याला फक्त साक्षीदार हवा होता. मी मान हलवली. घरी येईपर्यंत त्याने ती फिल्म छातीशी धरली होती, पोराने बक्षिसाचं सर्टिफिकेट धरावं तशी. 'हे परत सुरू होत नाही' हे बाईंचं बोलणं त्याने ऐकलंच नाही, असं मला वाटलं.

रविवारी कमिटी बसली. दादा नवा शर्ट घालून आला होता. बापूंनी पाकिटातून फिल्म काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ट्यूबलाइटसमोर धरली. लहान लहान चौकटींत एकच चित्र पुन्हा पुन्हा आलं होतं. सगळ्या चौकटी काळ्या, फक्त खाली तो पांढुरका डाग.

"हा डाग कसला?" बापूंनी मला विचारलं.

"तो सगळ्यांनाच असतो, बापू. त्याचं काही नाही."

बापूंनी एकेक चौकट बोट ठेवून पाहिली. मग त्यांचा चेहरा उजळला, अगदी मनापासून. "अरे, मग प्लेट साफ आहे! सुदाम, काही नाही तुला. उगाच घाबरत होतास."

मी सांगायला लागलो की ही छातीची प्लेट नाही, इथे उलटं असतं, इथे डाग दिसायला हवा होता, डाग नाही हाच रोग आहे. बोलताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं. तीस वर्षं या वस्तीने ट्यूबलाइटसमोर प्लेटा धरल्या होत्या. डाग म्हणजे रोग आणि साफ म्हणजे पेढे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी इंग्रजी रिपोर्ट काढला. त्यातही ग्रंथींत औषध दिसत नाही, लिंबानंतर बदल दिसत नाही, असंच लिहिलेलं. मी ते मराठीत सांगितलं.

"दिसत नाही, दिसत नाही," बापू शांतपणे म्हणाले. "तेच तर मी म्हणतोय. काही दिसत नाही." मग त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू गेला, कारण साफ प्लेटीचा दुसरा अर्थ त्यांना तेव्हा लागला. फिल्म पाकिटात घालून त्यांनी दादापुढे धरली. "सुदाम, रोग नाही, हे चांगलं झालं. मग आता जे आहे ते तूच सोडायचं. सहा महिने सोडून दाखव, मी स्वतः तुला पुढे उभा करीन."

कुणी दुष्ट असतं तर भांडता आलं असतं. बापूंच्या डोळ्यांत पाणी होतं. दादाच्या डोळ्यांत कुठून येणार? तो कोरडे लाल डोळे चोळत उभा राहिला आणि त्या सगळ्यांना तो दारुड्यासारखाच दिसला, मलासुद्धा.

मी परत मुंबईला गेलो. नीलिमाबाई आधी वैतागल्याच. "दारू पीत नाही याचं सर्टिफिकेट मी कशाला देऊ?" पण प्लेटीची हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. मग लेटरहेडवर सरळ मराठीत लिहून दिलं, की चित्रात ठिपके दिसत नाहीत याचा अर्थ ग्रंथी निकामी झाल्या आहेत, रुग्णाचे लाल डोळे आणि अडखळतं बोलणं या आजाराचं आहे, मद्यपानाशी त्याचा काहीही संबंध नाही. खाली सही, शिक्का.

मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि हे बघा, तुम्ही त्यांचे जवळचे आहात म्हणून सांगते. हे वाढत जाणार. मोठ्याने, सलग बोलायचं काम त्यांना देऊ नका. त्यांना जमणार नाही, आणि चारचौघांत जमलं नाही की माणूस खचतो."

हे मी कुणालाच सांगितलं नाही. दादाला नाही, बापूंना नाही, रखमावहिनीलाही नाही. मला माझा डाग धुवायचा होता. दादाला पुन्हा माइकपुढे उभा केल्याशिवाय तो निघणार नव्हता.

पत्र मी विहारात मोठ्याने वाचलं. मग बनूबाई उठली, दादापाशी गेली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. बापू उभे राहिले. "मी चुकलो," म्हणाले, एवढंच. "शंभराव्या जयंतीला पंचशील सुदाम देईल." दादाने हात जोडले. त्याला बोलायचं होतं, पण त्याची जीभ टाळ्याला चिकटलेली मला दिसत होती.

चौदा एप्रिलला रविवार होता. मैदानात मांडव, आणि अंबरनाथ, बदलापूर, चिखलोली, सगळीकडून माणसं आली होती. पाचशे तरी असतील. दादा पांढऱ्या कपड्यांत माइकसमोर उभा राहिला. मी शेजारी पाण्याचा पेला धरून. पंधरा दिवस त्याने घरी सराव केला होता, एक ओळ आणि एक घोट, एक ओळ आणि एक घोट. वहिनीने मोजून सांगितलं होतं की निभतं.

निभत होतं. त्रिशरण पार पडलं. पहिलं शील झालं, दुसरं झालं. आवाज घोगरा होता, पण शब्द लागत होते. लोक मागून म्हणत होते. मला हलकं वाटायला लागलं होतं.

आमच्या वस्तीने पत्र ऐकलं होतं. बाहेरून आलेल्या चारशे माणसांनी ऐकलं नव्हतं. मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या पोरांतला एक म्हणाला, "ए, हा बीच बीच में काय मारतोय रे?" दुसरा म्हणाला, "पाचवं येईपर्यंत टाकी फुल करतोय." हसू मांडवाच्या त्या कडेकडून या कडेला आलं. बापूंनी डोळे वटारले, पण दादाने ऐकलं होतं.

चौथ्या शीलानंतर मी पेला पुढे केला. त्याने घेतला नाही. पाचवं शील देताना हातात पेला नको, असं त्याने ठरवलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. त्याने तोंड उघडलं. माइकमधून सगळ्या मैदानभर नुसता टक्, टक् असा आवाज गेला. जीभ सुटत होती आणि परत चिकटत होती. पहिलं अक्षर येईना.

पाचशे माणसं हात जोडून थांबली होती. ओळ सगळ्यांना पाठ होती. एकाने जरी सुरुवात केली असती तरी निभलं असतं. पण देणाऱ्याच्या आधी कुणी तोंड उघडत नाही, आणि आमच्या वस्तीची माणसं तर त्या दिवशी त्याला जास्तच मान देत होती. बनूबाई कानामागे हात धरून पुढे वाकली. तिला वाटलं, आपल्यालाच ऐकू आलं नाही. मी पेला परत पुढे केला, दादाने तो हाताने लोटला आणि पाणी त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. शेवटी बापूंनी माइक घेतला आणि पाचवं शील दिलं. सगळ्यांनी ते खणखणीत आवाजात मागून म्हटलं. दादाचे ओठही हलत होते.

नंतर तो मला मांडवामागे, जेवणाच्या उपड्या टोपावर बसलेला सापडला. रखमावहिनी पदराने त्याचा शर्ट टिपत होती. पलीकडे भाषणं सुरू झाली होती. मी त्याच्या पायाशी बसलो आणि एकदाचं सांगून टाकलं, की डॉक्टरीणबाईंनी मला आधीच बजावलं होतं, मी लपवलं, माझं चुकलं.

"मला पण सांगितलं होतं की तिनं, त्याच दिवशी," दादा म्हणाला. "परत येत नाही म्हणून. तू शेजारीच होतास." त्याने वहिनीच्या हातातून तांब्या घेतला, एक घोट घेतला, तोंडात सगळीकडे फिरवून गिळला, म्हणजे पुढचं बोलता यावं.

"दारुडा समजत होते तेच बरं होतं रे, जयदेव. बापू म्हणाले होते ना, सहा महिने सोडून दाखव, पुढे उभा करतो. दारुड्याला सोडायला दारू तरी असते. मी काय सोडू?"